पाचव्या भागातला गोंता

१४ सप्टेंबर १९९८

जपानहून, कोबेच्या कंपनीकडून पाकीट आलं. ‘वातारी’ ह्या खेळाचा पाचवा भाग. शिवकुमारने कुरियरवाल्यासमोरच ते फोडलं आणि सीडी उन्हात धरून बघत बसला, जणू आतली गोष्ट त्याला तशीच दिसणार होती. मी ह्यांच्या खुर्चीत बसले. माझ्या टेबलाला पंखा लागत नाही, असं ऑफिसातल्या मुलांना सांगितलं.

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. देवनागरीत लिहिते, कारण तमिळमध्ये लिहिलं तर वरलक्ष्मीअक्का वाचतील. ह्यांची मोठी बहीण. मराठी माझ्यापेक्षा छान बोलतात, पण अक्षर एक ओळखत नाहीत. मला अप्पांनी लहानपणी बसवून बाराखडी घोटवून घेतली होती. तंजावरात राहून तिचा हा पहिलाच उपयोग.

ह्यांनी, म्हणजे त्यागराजांनी, दुसऱ्या भागापासून चौथ्यापर्यंत सगळं जपानीतून इंग्रजीत आणलं. एप्रिलमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. तमिळ, मराठी, जपानी, सगळं. ‘हूं’ म्हणतात, मान हलवतात, डावा हात चालतो. ते परत येईपर्यंत हे काम मी चालवणार आहे.

१७ सप्टेंबर

आज अक्कांनी कॉफी, त्यांची ‘कापी’, ओतता ओतता विचारलं, “इतकी वर्षं विचारीन म्हणते. हा खेळ म्हणजे काय आहे ग? पत्त्यांसारखा?”

“गोष्ट आहे, अक्का. टीव्हीवर दिसते. खेळणाऱ्याने त्यातल्या माणसांना चालवायचं, लढवायचं, गावात भेटेल त्याच्याशी बोलायचं. बोलल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. ती सगळी बोलणी जपानीत असतात, आम्ही इंग्रजीत करतो.”

“आणि किती दिवस खेळायचं?”

“महिना महिना खेळतात.”

“अय्यो!” म्हणाल्या. मग, “त्यात कोण आहे?”

मी गोंताबद्दल सांगितलं. ‘वातारी’ म्हणजे पैलतीरी जाणं. दर भागात चार-पाच माणसं एका नावेतून मोठी नदी ओलांडतात. माणसं बदलतात, नावाडी तोच. गोंता. जाडा, खादाड, भित्रा, सतत बडबडणारा. राक्षस समोर आला तरी आधी जेवणाचं विचारतो. त्याची इंग्रजी बडबड ह्यांनी इतकी झकास केली होती की अमेरिकेतली मुलं कंपनीला पत्रं लिहीत. ह्यांच्या डोक्यात गोंता तंजावरच्या लग्नातल्या आचाऱ्यासारखा बोलायचा.

अक्का हसल्या. आतल्या खोलीतून ह्यांचं ‘हूं’ ऐकू आलं. ते ऐकत होते.

२ ऑक्टोबर

शिवकुमार खेळत पुढे जातो, वाणी ओळी उतरवते, मी इंग्रजी करते. जसजसं पुढे जातोय तसतशी माझी धास्ती वाढतेय.

बेडूक नाहीत. पहिल्या चारही भागांत प्रत्येक गावाच्या विहिरीवर बेडूक असायचे, कोडी घालायचे, चुकलं की टोपी पळवायचे. ह्या भागात विहिरी आहेत, पाणी आहे, बेडूक नाहीत. चहावाली म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालायची. तिच्या दुकानाला आता फळ्या ठोकल्या आहेत. संगीतसुद्धा एकाच वाद्यावर, हळू, मध्ये मध्ये थांबणारं. शिवकुमारला वाटलं आवाज बिघडला. त्याने तार काढून पुन्हा लावली.

हे सगळं नव्या दिग्दर्शकाचं काम. उसामी-सान, ज्यांनी ‘वातारी’ निर्माण केलं, ते दीड वर्षापूर्वी कंपनीच्या कामातून बाजूला झाले, एवढंच आम्हाला कळवलं होतं. आता सगळ्या कागदांवर कुनिएदा नावाच्या माणसाची सही असते. उसामी-सानांना आम्ही कोबेत असताना ओळखत होतो. हे तिथे जहाजाच्या इंजिनांच्या कारखान्यात होते, उसामी-सान शेजारच्या इमारतीत राहायचे. त्या मैत्रीतूनच हे काम आमच्याकडे आलं. असा माणूस स्वतःहून बाजूला होत नाही. त्याला बाजूला करतात.

दुसऱ्याने उभं केलेलं घर हाती आलं, की आधी खिडक्या बंद करणारी माणसं असतात. कुनिएदा त्यातला.

१० ऑक्टोबर

सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले, एकटीच. त्यांनी बराच वेळ बसवून घेतलं.

घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, तेव्हा ह्यांच्या खोलीतच उभी होते. म्हटलं, “पोंगलनंतर बघू म्हणाले. तोवर व्यायाम चालू ठेवा. पोंगलनंतर ऑफिसला जायला हरकत नाही.” ह्यांच्याकडे बघून हसले. म्हटलं, “ऐकलंत ना? शिवकुमार तुमची वाट बघतोय.”

ते खिडकीकडे बघत होते. थकले असावेत.

२१ ऑक्टोबर

दिवाळी झाली. ह्यांना नवी वेष्टी नेसवली, खुर्चीवर बसवून अंगणात आणलं. नातेवाईक आले. सगळ्यांना आधीच दारात सांगून ठेवलं होतं, चेहरे पाडायचे नाहीत. गुरुमूर्ती मामांनी छान विनोद केले. चांगला दिवस गेला.

आज ऑफिसात दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं. “जपानीत कुणी काहीही केलं असो, इंग्रजीत ‘वातारी’चा सूर तोच राहील. लोक गोंतावर हसायला येतात. विहिरीवर कुणी काही बोलत असेल, तर तिथे कोडं घाला. बेडूक दिसला नाही तरी त्याचा आवाज आला असं लिहिता येतं.”

वाणी म्हणाली, “मॅडम, त्या विहिरीवर ती बाई आपल्या मुलाला हाका मारतेय.”

“मग?”

“तिथे कोडं कसं घालायचं?”

मी म्हटलं, “सरांनी घातलं असतं.”

ती हुशार आहे. कुंभकोणमच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन आली, जपानी ह्यांच्याकडेच शिकली. पण हसवण्याला किती कष्ट पडतात ते तिला कळत नाही. रडवणं सोपं आहे.

६ नोव्हेंबर

पाऊस. गल्लीत पोटरीभर पाणी, ऑफिसात वीज नाही. जपानी ओळींची पानं घरी घेऊन आले.

शेवटच्या आधीचा प्रसंग. नाव मधोमध आहे. गोंता आजारी पडून नावेच्या तळाशी पडला आहे. बाकीचे चौघे त्याच्याभोवती बसून हसताहेत, पैलतीरी गेल्यावर काय काय खायचं त्याच्या गप्पा मारताहेत. गोंता बराच वेळ ऐकतो आणि म्हणतो: ‘मी मरणार आहे ना? कुणीतरी सांगा मला.’

चौघांतलं कुणी सांगत नाही. तो मरतो. नाव पुढे जाते.

मला भयंकर राग आला. चार भाग ज्याच्यावर जग हसलं, त्याला असं मारायचं? आणि वर त्याच्या तोंडी हे?

ह्यांना जपानीत वाचून दाखवलं. ते वाक्य वाचलं आणि ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. घट्ट. तोंडातून आवाज काढत होते, डोळे भरून आले होते. माझ्याइतकाच त्यांनाही संताप आलेला. गोंता त्यांचाच तर होता.

म्हटलं, “काळजी नको. मी मारू देणार नाही त्याला.”

तिथेच बसून इंग्रजी केलं. माझा गोंता म्हणतो: ‘जरा डुलकी काढतो. जेवण झालं की कुणीतरी उठवा मला.’ आणि झोपतो. नाव पुढे जाते. ओळीही बरोबर चौकटीत बसल्या. तीन ओळींच्या वर पडद्यावर मावत नाही.

वाचून दाखवलं. ह्यांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटून घेतले. शांत झाले.

२६ नोव्हेंबर

आज एक अप्रिय गोष्ट झाली.

वाणी संध्याकाळी ह्यांना बघायला आली. मी स्वयंपाकघरात होते. परत येते तर ती पलंगाजवळ बसून वाचत होती. तिने त्या प्रसंगाचं स्वतःचं वेगळं इंग्रजी केलं होतं, मला न विचारता. जसं जपानीत आहे तसं. साधे छोटे शब्द. ह्यांचा डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटत होता. पुन्हा पुन्हा. धप धप.

“त्यांना त्रास होतोय, दिसत नाही का?” मी म्हटलं.

“त्रास नाही मॅडम. ते मला परत वाच म्हणताहेत.”

“सव्वीस वर्षं झाली लग्नाला. तू मला शिकवू नकोस.”

ती उठली. दारात चपला घालताना रडत होती. मी तिला थांबवलं नाही. आता वाटतं थांबवायला हवं होतं, निदान छत्री तरी द्यायला हवी होती.

अक्का भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “दांडी तो अजूनही वाजवतोय.”

म्हटलं, “अक्का, तुम्हाला ह्यातलं कळत नाही.”

“नाही की,” त्या म्हणाल्या. “मला इंग्रजी कुठे येतं?”

१५ डिसेंबर

पूर्ण मजकूर कोबेला पाठवला. माझ्या पद्धतीने. वाणी कामापुरतं बोलते. शिवकुमारला बंगळूरहून मुलाखतीचं बोलावणं आहे. तिथल्या कंपन्या आता तंजावरच्या मुलांना घरी येऊन उचलतात. त्याने विचारलं, “सर पोंगलनंतर नक्की येणार ना मॅडम? ते असतील तर मी जात नाही.”

मी ‘नक्की’ म्हटलं.

हे लिहिताना हात थांबला. का ते ठाऊक नाही. थंडी आहे, असेल.

२९ डिसेंबर

कोबेहून फोन. स्वतः कुनिएदा बोलत होते. म्हणाले, मजकूर वाचला. मग म्हणाले, “मी जानेवारीत भारतात येतो आहे. तुम्हाला भेटतो.”

“प्रसंग बदलायचा असेल तर मी बदलणार नाही,” मी म्हटलं.

ते म्हणाले की कंपनीला माझं इंग्रजी मान्य नाही. मी नाही म्हटलं तर ‘वातारी’ लॉस एंजेलिसला जाईल, पाचवा भाग आणि पुढचेही. तरीही ते आधी इथे येणार आहेत.

शिवकुमारला आणि वाणीला सांगितलं. मी ह्यांना सांगितलं नाही.

७ जानेवारी १९९९

कुनिएदा आले. तिरुवैयारूचा संगीत उत्सव चालू आहे, सगळ्या टॅक्सी तिकडे, म्हणून ते स्टेशनवरून चालत आले. मी चमकदार सूट घातलेला तरुण डोळ्यांसमोर धरला होता. आला तो पन्नाशीचा, डोक्याने विरळ, घामाने भिजलेला माणूस. जिन्यात चपला काढून हातात घेऊन उभा.

शिवकुमार कापी आणायला गेला. वाणी आपल्या टेबलाशी बसून राहिली. मी थेट विषयाला हात घातला. म्हटलं, “तुम्ही नवे आहात. उसामी-सानांनी काय उभं केलं होतं ते तुम्हाला कळलं नाही. बेडूक काढलेत, चहावाली काढलीत, गोंताला मारलंत.”

ते म्हणाले, “मी पहिल्या भागापासून आहे. बेडूक माझे होते.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“बेडूक मी लिहिले. चहावालीपण. ती माझी आई आहे, अशीच बोलते.” ते थोडं हसले. “उसामी-सान फार विनोदी लिहायचे नाहीत. ते आम्हा तिघांकडून लिहवून घ्यायचे आणि वर आपलं नाव घालायचे. आम्हाला राग नव्हता. ते मुख्य होते.”

“मग काढलेत कशाला?”

“त्यांनी काढायला लावले. पाचवा भाग सगळा त्यांचा आहे. मी भांडलो. गोंता मेला तर पुढे मालिका कशी चालेल, लोक काय म्हणतील, मीच म्हणत होतो. तुम्ही आत्ता जे म्हणालात ते सगळं मी त्यांना म्हणालो होतो.”

मग त्यांनी सांगितलं. उसामी-सान बाजूला झाले नव्हते, आजारी होते. कंपनीने बाहेर कळू दिलं नाही. सगळे आळीपाळीने त्यांच्या बिछान्याशी जायचे, चेहरा सुधारलाय म्हणायचे, सहाव्या भागात काय करू या ते बोलायचे. “मी सगळ्यात जास्त बोलायचो,” कुनिएदा म्हणाले. “सहाव्या भागाचे नकाशेसुद्धा काढून नेले. एक दिवस त्यांनी नकाशे बाजूला केले आणि मला गोंताचं ते वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहून घेतलं. प्रसंग कसा नेमका सुचला असं त्यांचं कौतुक केलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मला कळलं नाही, की ते मलाच विचारताहेत.”

मागच्या फेब्रुवारीत ते गेले.

कुनिएदांनी चष्मा काढून पुसला. वाणीने तोंड फिरवलं. मला एवढंच सुचलं की कापी निवतेय. म्हटलं, “घ्या की, निवेल.”

८ जानेवारी

आज ते घरी आले. दारातच मी सांगितलं, “उसामी-सान गेले हे ह्यांना सांगू नका. सोसणार नाही.”

ते वाकले, पण हो म्हणाले नाहीत.

ह्यांनी त्यांना लगेच ओळखलं, कोबेत उसामी-सानांकडे पाहिलं असावं. हात धरला. मग मान वाकडी करून त्यांच्या पाठीमागे दाराकडे बघू लागले. पुन्हा त्यांच्याकडे, पुन्हा दाराकडे. मी म्हटलं, “उसामी-सान कामात आहेत, पुढच्या वेळी—”

कुनिएदा जमिनीवर बसले, चेहरा ह्यांच्या चेहऱ्यासमोर आणला आणि जपानीत हळू म्हणाले, “उसामी-सान वारले. मागच्या वर्षी. पोटाचा आजार होता. शेवटपर्यंत शुद्धीत होते. तुमची आठवण काढत.”

हे रडले. आवाज करून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. मी कुनिएदांना उठवायला पुढे झाले, तर अक्कांनी माझा खांदा धरला. “असू दे,” म्हणाल्या.

बराच वेळ रडले. मग कुनिएदा त्यांना उसामी-सानांबद्दल सांगत बसले, कोबेतल्या गोष्टी, कोण कुठे असतं ते. हे ऐकत होते. दुपारी आपल्या डाव्या हाताने दहीभात खाल्ला, मी भरवायला गेले तर चमचा माझ्याकडून घेतला.

मी कुनिएदांवर चिडायचं ठरवलं होतं. जमलं नाही. ते स्टेशनवर जायला निघाले तेव्हा म्हणाले, “निर्णय तुमचा. पण मी एकदा ते वाक्य न ऐकल्यासारखं केलं आहे. मला दुसऱ्यांदा करायचं नाही.”

११ जानेवारी

वाणीला तिचं इंग्रजी आणायला सांगितलं. तिघांनी मिळून वाचलं. माझी सगळी कोडी काढली. त्या विहिरीवर आता बाई फक्त हाका मारते, आणि कुणी ओ देत नाही.

वाणीचं वाक्य माझ्यापेक्षा लहान आहे. चौकटीत एकच ओळ, खाली दोन ओळी रिकाम्या. मी म्हटलं, “रिकामी जागा बरी दिसत नाही.”

वाणी म्हणाली, “चौघं गप्प बसतात ना मॅडम, ती त्यांची जागा.”

मी तिला ह्यांच्या खुर्चीत बसवलं. तिला पटेना, उठून उभी राहिली. म्हटलं, “बस ग. पुढचे भाग आले तर मुख्य तू. पंखा इथे चांगला लागतो.” शिवकुमारला बंगळूरला जायला सांगितलं. तो विचारणार होता, ‘पण सर...’ मी नकारार्थी मान हलवली. जिन्यात जाऊन उभा राहिला थोडा वेळ.

१७ जानेवारी

पोंगल होऊन गेला. दारातली रांगोळी पुसट झालीय.

आज सकाळी ह्यांना आंघोळ घालून बसवलं आणि वाणीचा तो प्रसंग वाचून दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबता. ते वाक्यही वाचलं. संपल्यावर त्यांनी बोट वर केलं. पुन्हा. मी पुन्हा वाचलं.

पानं खाली ठेवली. ऑक्टोबरमध्ये डॉक्टर काय म्हणाले ते इथेही लिहिलं नव्हतं. ते म्हणाले होते, जेवढं यायचं तेवढं आलेलं आहे. बोलणं येणार नाही. आणि पुढचा झटका आला तर तयारी ठेवा.

हे मी ह्यांना सांगितलं. मराठीत, असंच, ह्याच शब्दांत. “पोंगलनंतर ऑफिस वगैरे काही नाही. मी खोटं बोलले. तुम्ही बरे होणार नाही.”

माझी समजूत होती की ते कोसळतील. ते माझ्याकडे बघत राहिले. चेहरा सैल पडला, जणू किती तरी वेळ उचलून धरलेलं काही तरी खाली ठेवलं.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

मान हलवली. होय.

“कधीपासून?” मी विचारलं, आणि लगेच कळलं की ह्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नाही. त्यांना फक्त होय आणि नाही देता येतं. मग नीट विचार करून, त्यांना देता येईल असा विचारला.

“एवढे महिने ह्यात तुम्ही एकटेच होतात का?”

होय.

मी पलंगावर त्यांच्या शेजारी सरकून बसले. अक्का कापी घेऊन आल्या, आम्हा दोघांकडे बघितलं, पेले खाली ठेवले आणि पायथ्याशी त्याही बसल्या.